संपकरी पटकथालेखकाला लेथवरच्या कामगारापेक्षा जास्त का मिळावे?

घोडबंदरकर (प्रश्न)

नमस्कार. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात ३१ वर्षे टर्नर, म्हणजे लेथवरचा कामगार, म्हणून काम करून मी निवृत्त झालो असून सध्या कासारवडवलीला राहतो. माझी भाची एका मराठी मालिकेचे संवाद लिहिते. गेल्या रविवारी जेवताना तिच्याशी जो वाद झाला, तो ताट धुऊन झाल्यावरही माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून येथे मांडतो आहे.

विषय होता अमेरिकेतील पटकथालेखकांच्या २०२३ च्या संपाचा. रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका या त्यांच्या संघटनेचे सुमारे ११,५०० सदस्य २ मे रोजी संपावर गेले आणि १४८ दिवसांनी, सप्टेंबरच्या अखेरीस, संप मिटला. त्यांच्या मागण्यांची किंमत संघटनेनेच वर्षाला ४२ कोटी ९० लाख डॉलर अशी सांगितली होती, तर निर्मात्यांची तयारी ८ कोटी ६० लाखांची होती. मी कागदावर भागाकार केला. मागणी पूर्ण मान्य झाली असती, तर दर सदस्यामागे वर्षाला ३७ हजार डॉलरहून अधिक, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३० लाख रुपये, आणि ही केवळ वाढ. ज्याने आयुष्यभर दोन-चारशे रुपयांच्या वाढीसाठी गेटवर घोषणा दिल्या, त्याला हे पचायला जड जाते.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतला गेलेला नाही. त्यामुळे कोणी संपावर गेला की माझे मन आधी त्याच्याच बाजूला झुकते, हे मी मान्य करतो. मला संपाबद्दल आक्षेप नाही. मला समजून घ्यायचे आहे ते मोबदल्याच्या मोजमापाबद्दल. भाची म्हणते की मालिकेचा भाग जितक्या वेळा दाखवला जाईल तितक्या वेळा लेखकाला काही ना काही मिळायला हवे, आणि अमेरिकेत ते मिळते. मग माझे काय? आमच्या शॉपमध्ये एक फ्लँज (पाइप जोडायची कडी) बनवताना जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवरून चार वेळा काढून पुन्हा बसवावा लागत असे. मी स्वतःच्या डोक्याने एक जिग, म्हणजे जॉब अचूक जागी धरून ठेवणारा साचा, तयार केली, तिच्यामुळे तो एकाच बसवणीत होऊ लागला. सूचनापेटी योजनेतून मला ५०० रुपये आणि एक स्टीलचा डबा मिळाला, आणि ती जिग पुढे अठरा वर्षे वापरात होती. माझ्या डोक्यातून निघालेली वस्तू आणि लेखकाच्या डोक्यातून निघालेला संवाद यांत असा कोणता फरक आहे, की एकाला डबा मिळावा आणि दुसऱ्याला दर वापरामागे पैसे?

प्रतिभा दुर्मीळ असते, हे उत्तर कृपया देऊ नये. पाच मायक्रॉनच्या अचूकतेने बोअर (गोल भोक) काढणारा हातही काही रस्त्यावर पडलेला नसतो.

---

नौपाड्यातला संवादलेखक

काका, आपला प्रश्न मला आवडला, कारण आमच्या व्यवसायातील लोकही एकमेकांना जे उत्तर देतात ते बहुधा प्रतिभेचेच असते आणि ते मलाही पटत नाही. मी अकरा वर्षे मालिकांसाठी लिहितो आहे. आधी आपला भागाकार थोडा दुरुस्त करतो आणि मग जिगकडे येतो.

गिल्डच्या ११,५०० सदस्यांपैकी कोणत्याही एका वर्षी सगळ्यांच्या हाताला काम नसते, त्यामुळे एकूण रकमेला सदस्यसंख्येने भागून मिळणारा आकडा कोणाच्याच खिशात जसाच्या तसा पडत नाही. ज्याचे नाव झाले आहे त्याला पुष्कळ मिळते आणि खालच्या पायरीवरचा लेखक दोन कामांच्या मधल्या आठ-दहा महिन्यांत साठवलेले खातो. शेवटी करार झाला त्याची किंमत संघटनेच्याच हिशेबाने वर्षाला २३ कोटी ३० लाख डॉलर होती, म्हणजे मागणीच्या निम्म्याहून थोडी अधिक. किमान दरातील वाढ पहिल्या वर्षी ५, दुसऱ्या वर्षी ४ आणि तिसऱ्या वर्षी ३.५ टक्के इतकीच होती. आपण वेतनकरार पाहिलेले आहेत. हे टक्के आपल्याला फार अनोळखी वाटणार नाहीत.

संपाचे खरे कारण टक्क्यांपेक्षा खोल होते. पूर्वी अमेरिकेत टीव्ही मालिकेच्या एका पर्वात बावीसच्या आसपास भाग असत आणि लेखकांच्या चमूला वर्षातले बरेच महिने सलग काम मिळे. स्ट्रीमिंग आल्यावर पर्व आठ-दहा भागांचे झाले, चमू लहान झाले, आणि चित्रीकरण सुरू होण्याआधीच लेखकांना निरोप देण्याची पद्धत पडली. संघटनेच्या आकडेवारीनुसार किमान दरावर काम करणाऱ्या मालिकालेखकांचे प्रमाण संपाच्या सुमारे दहा वर्षे आधी एक तृतीयांश होते, ते जवळजवळ निम्म्यावर आले. लेखक-निर्मात्यांचे (निर्मितीतही सहभागी असणाऱ्या लेखकांचे) मध्यक साप्ताहिक मानधन, म्हणजे मधोमध असलेल्याला मिळणारा आकडा, त्याच दशकात महागाई धरली तर २३ टक्क्यांनी घसरले. म्हणजे हे लोक चढत्या पायरीवरून आणखी वर जाण्यासाठी भांडत नव्हते. घसरणाऱ्याने धरलेला कठडा होता तो.

आता रेसिड्युअल, म्हणजे पुनर्वापराचा वाटा. लेखक पटकथेवरचा हक्क स्टुडिओला देऊन टाकतो आणि त्या बदल्यात, वस्तू पुन्हा विकली गेली तर मला थोडे द्या, असे करारात लिहून घेतो. सुरुवातीला कमी घेतलेली किंमत नंतर वसूल करण्याची ही रीत आहे. मालिका चालेल की पडेल हे लिहिताना कोणालाच माहीत नसते, म्हणून दोन्ही बाजूंनी धोका वाटून घ्यायचा. २००७-०८ मध्ये हेच लेखक १०० दिवस संपावर होते, तेव्हा वाद होता तो इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या कामाच्या वाट्याचा, आणि तेव्हा अनेकांना तो वाद किरकोळ वाटला होता.

आपली फ्लँज कारखान्याने एकदा विकली आणि तिचा हिशेब मिटला. माझा भाग वाहिनी आज दाखवते, दुपारी पुन्हा दाखवते, ॲपवर ठेवते, दुसऱ्या भाषेत भाषांतरित करून विकते. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरण थांबले तेव्हा वाहिन्यांनी महिनोन्‌महिने जुन्या मालिकांवरच दिवस काढले आणि त्यांत माझे लिहिलेले भागही होते. मला त्यातून एक रुपयाही आला नाही, कारण माझ्या करारात सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर आणि कायमचे दिलेले आहेत. मला मिळतो तो प्रति एपिसोड ठरलेला आकडा, तोही टेलिकास्टनंतर नव्वद दिवसांनी, आणि त्या नव्वदाचे एकशे वीस कधी होतात ते कळतही नाही.

पण आपली जिग फ्लँजसारखी नाही, हेही खरे. तीही अठरा वर्षे पुन:पुन्हा वापरली गेली. त्यामुळे त्या बाबतीत माझ्याकडे आपल्याविरुद्ध युक्तिवाद नाही. आपल्यालाही वाटा मिळायला हवा होता. तो मिळाला नाही, कारण तो मागण्याची पद्धत आपल्या धंद्यात कोणी पाडली नाही.

---

तुर्भेकर

मी लेखक नाही आणि कारखान्यातलाही नाही. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर बावीस वर्षे दिवाणजी आहे. वरची चर्चा वाचताना मला आमच्या बाजारातील माथाडी कामगार सारखा आठवत राहिला, म्हणून लिहितो.

माथाडी आज आमच्या गाळ्यावर गाडी खाली करतो, तासाभराने शेजारच्या गाळ्यावर थप्पी लावतो. त्याचा मालक कोण, हा प्रश्न बाजार मशीद बंदरच्या परिसरात होता तेव्हापासूनचा आहे. प्रत्येक व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही, पोत्यामागे ठरलेले दिले की माझा संबंध संपला. म्हणजे वय झाले, पाठ गेली, काम मंदावले, तर जबाबदार कोणीच नाही. अण्णासाहेब पाटील यांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, आणि त्याने हा प्रश्न मोठ्या खुबीने सोडवला. मालक एक नसेल, तर सगळ्या मालकांचे मिळून एक मंडळ असावे. व्यापाऱ्याने मंडळात नोंदणी करायची, टोळीनेही करायची. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा टक्केवारी, मंडळाकडे भरतो आणि मंडळ त्यातून मजुरी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, औषधोपचार असे सगळे पाहते. कामगार एका दिवसात पाच ठिकाणी राबला तरी त्याच्या हिशेबाची वही एकच राहते.

अमेरिकेतील लेखकांची व्यवस्था, मला जेवढी समजली त्यावरून, रचनेने अगदी हीच आहे. लेखक यंदा एका स्टुडिओसाठी दहा आठवडे लिहितो, पुढच्या वर्षी दुसऱ्यासाठी. प्रत्येक मालकाने मानधनावर ठराविक टक्के संघटनेशी जोडलेल्या निवृत्ती आणि आरोग्य निधीत भरायचे असतात, आणि वर्षाची कमाई एका मर्यादेच्या वर गेली तरच त्याला आणि त्याच्या घरच्यांना आरोग्यविमा लागू होतो. पर्वे आखूड झाली की कमाई त्या रेषेखाली जाते आणि विमाही जातो. घोडबंदरकर साहेबांनी केलेल्या भागाकारात ही रेषा दिसत नाही. टोळीला हंगामात कमी गाड्या मिळाल्या तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ती लगेच दिसेल.

आता जास्त आणि कमी यांबद्दल. मी बी.कॉम. आहे, आणि तेजीच्या महिन्यात चांगल्या टोळीतील माणूस माझ्यापेक्षा जास्त घेऊन घरी जातो. पूर्वी हे मला खटकत असे, खोटे कशाला सांगू. गाळ्यावरचे आम्ही चार शिकलेले लोक चहा पिताना हमखास हाच विषय काढत असू. मग एकदा एक वयस्कर माथाडी, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणतो, शांतपणे म्हणाला की दिवाणजी, तुम्हीही टोळी करा की. त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही. दिवाणजींची टोळी आजवर झालेली नाही, आणि माझ्या पगाराचे कारण बहुधा माझ्या पदवीपेक्षा त्यातच आहे.

---

मानपाड्याची रहिवासी

आपण सर्वांनी फार समजुतीने लिहिले आहे, परंतु या चर्चेत एक माणूस कोठेच दिसत नाही, आणि तो माझ्या घरात राहतो. माझे यजमान लाइटमन आहेत. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला बंगल्यांमध्ये आणि शेडमध्ये मालिकांचे जे सेट लागतात, तेथे ते बारा-बारा तासांच्या शिफ्ट करतात.

नोव्हेंबर २००८ मध्ये हिंदी मालिकांचे काम बंद पडले होते आणि वाहिन्यांवर जुनेच भाग दाखवले जात होते, हे अनेकांना आठवत असेल. लोकांना तेव्हा गंमत वाटली. आमच्याकडे तेव्हा मुलगा चार महिन्यांचा होता आणि काम थांबले की त्या दिवसाचे पैसेही थांबत. तो संप निदान कामगारांच्याच मागण्यांचा होता, म्हणून आम्ही तक्रार केली नाही. परंतु उद्या लेखक संपावर गेले आणि पाच महिने सेटला कुलूप लागले, तर त्यांच्या विजयातले आमच्या वाट्याला काय येणार? अमेरिकेतही त्या १४८ दिवसांत सुतार, ड्रायव्हर, मेकअप करणारे, जेवण पुरवणारे असे हजारो लोक घरी बसले होते. लेखकाला करारामुळे वाढीव दर मिळाला. ज्या सुताराने पाच महिन्यांचे भाडे थकवले त्याला कोणते रेसिड्युअल मिळाले?

रात्रीचा सीन उशिरा आला म्हणून सेटवर सगळे युनिट दोन-दोन तास बसून राहते, हेही मी ऐकत आले आहे. तेव्हा थांबलेल्या वेळेचा हिशेब कोण मागतो?

---

नौपाड्यातला संवादलेखक

ताई, उशिरा येणाऱ्या सीनबद्दल आपला राग रास्त आहे. त्यातील काही सीन माझेही असतील. वाहिनीकडून कथेतला बदल संध्याकाळी सात वाजता आला की सकाळच्या शिफ्टचा सीन मध्यरात्रीनंतर पोहोचतो, पण बसून राहणाऱ्याला त्या कारणाचा उपयोग नाही.

सुताराच्या प्रश्नाला मात्र एक अर्धे उत्तर आहे. अमेरिकेत सेटवरील तंत्रज्ञ आणि कारागिरांची आयएटीएसई ही संघटना आहे. पुनर्वापरातून येणारा वाटा तेथे कारागिराच्या हातात व्यक्तिशः पडत नाही. तो त्यांच्या सामायिक निवृत्ती आणि आरोग्य निधीत जातो. म्हणजे चित्रपट पुन्हा विकला गेला की त्यातले थोडे सुताराच्या औषधपाण्यालाही पोहोचते. २०२३ मध्ये ट्रक चालवणाऱ्या टीमस्टर्स संघटनेच्या सदस्यांनी स्टुडिओच्या दारात निदर्शने करणाऱ्या लेखकांची फळी ओलांडून गाड्या आत नेण्यास नकार दिला होता, आणि अनेक ठिकाणी चित्रीकरण बंद पडले ते त्यामुळेच. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, आयएटीएसईने जो करार केला त्यात तीन वर्षांसाठी ७, ४ आणि ३.५ टक्के वाढ मिळाली. पहिल्या वर्षी लेखकांपेक्षाही जास्त. हे लेखकांच्या संपामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. थकलेल्या भाड्याची भरपाई त्यातून होत नाही, हेही मान्य.

आपल्याकडची स्थिती याहून विचित्र आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली, आणि जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आग्रहाने बोलले, तिच्यानुसार सिनेमागृहाबाहेर कृतीचा जो वापर होईल त्यावरच्या रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क लेखकाला, गीतकाराला आणि संगीतकाराला करारानेही सोडून देता येत नाही. कागदावर आम्ही अमेरिकन लेखकांपेक्षाही भक्कम आहोत असे म्हणता येईल. प्रत्यक्षात जो लेखक या कलमाचा उल्लेख करतो त्याला पुढच्या मालिकेसाठी फोन येत नाही. आणि लाइटमन तर त्या कलमात बसतच नाही, कारण प्रकाशयोजना ही कायद्याच्या भाषेत साहित्यकृती नाही. तेथे आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यांच्यासाठी तुर्भेकरांनी सांगितलेल्या मंडळासारखेच काहीतरी लागेल.

---

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण जिगचा प्रसंग पुन्हा आठवून पाहत होतो आणि मी तो अर्धाच सांगितला होता हे लक्षात आले.

५०० रुपये आणि डबा एवढेच मिळाले हे खरे नाही. आमच्या युनियनच्या करारात उत्पादनावर इन्सेंटिव्ह होता. ठरलेल्या नॉर्मपेक्षा, म्हणजे अपेक्षित उत्पादनापेक्षा, जितके नग जास्त, तितके पैसे जास्त, आणि ते संपूर्ण शॉपमध्ये वाटले जात. जिग आल्यावर आमचे नग एकदम वाढले आणि जवळजवळ दीड वर्ष सगळ्यांच्या पाकिटात दर महिन्याला भर पडली. माझ्या डोक्यातून निघालेल्या वस्तूचा वाटा मलाच काय, शेजारच्या मशीनवाल्यालाही मिळत होता. मग एके सकाळी टाइम स्टडीवाला, म्हणजे कामाला लागणारा वेळ मोजणारा माणूस, स्टॉपवॉच घेऊन माझ्या लेथशेजारी उभा राहिला. तीन दिवस तो उभा होता. पुढच्या महिन्यात नवा नॉर्म लागला, जिगसह होणारे उत्पादन हेच साधे उत्पादन ठरले, आणि इन्सेंटिव्ह पुन्हा जिथल्या तिथे आला. आम्ही दोन दिवस काम मंद केले, नंतर गप्प बसलो.

स्ट्रीमिंगने लेखकांचे काय केले हे मला आता या भाषेत समजते. टीव्हीवर भाग पुन्हा लागला की पैसे मोजले जात. प्लॅटफॉर्मवर एकदा ठरीव रक्कम दिली की तो लाखांनी पाहिला काय किंवा कोणीच पाहिला नाही काय, आकडा तोच, आणि किती जणांनी पाहिला हे सांगायलाही कंपन्या तयार नव्हत्या. म्हणजे नॉर्म बदलला. भाचीने मला काल दाखवले की २०२३ च्या करारात त्यांनी यातला एक भाग परत मिळवला: मोठ्या खर्चाची मालिका प्रदर्शित झाल्यापासून ९० दिवसांत प्लॅटफॉर्मच्या अमेरिकेतील २० टक्के वर्गणीदारांइतके प्रेक्षक मिळाले, तर ठरीव वाट्यावर ५० टक्के बोनस, आणि पाहिल्या गेलेल्या तासांची माहिती गोपनीयतेच्या अटीवर संघटनेला. स्टॉपवॉच निदान दोघांना दिसेल असे ठेवले, इतके तरी झाले. आमच्या शॉपमध्ये ते फक्त एकाच्याच हातात होते.

तरीही माझे मत पूर्ण बदललेले नाही. लेखकाला टर्नरपेक्षा जास्त मिळावे, हे मी अजूनही मान्य करत नाही. त्याला वाटा मिळावा हे मान्य करतो, आणि तो ज्या कारणाने मिळावा त्याच कारणाने लाइटमनलाही निधीच्या रूपाने मिळावा, असे ताईंचे म्हणणे वाचल्यावर वाटते. तुर्भेकर, आपल्या मामांना माझा नमस्कार सांगावा.

संवादलेखक महाशय, एक शेवटची विचारणा. भाचीचा करार तिच्या परवानगीने मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. चौदा पाने आहेत. बाराव्या पानावर २०१२ च्या दुरुस्तीचा उल्लेख करून म्हटले आहे की कायद्याने देय असलेली रॉयल्टी लागू राहील. पण ती कोणी मोजायची, कधी मोजायची आणि मोजणीचा कागद लेखकाला दाखवायचा की नाही, यांबद्दल पुढे एक ओळही नाही. आपल्या करारात या जागी काय लिहिले आहे?